तीन दिवसांचं गाणं आणि जुनी उसनवारी

पत्र थोडं कमी करून देते आहे.

"ताई, सप्रेम नमस्कार.

मी ४६ वर्षांचा. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत फेटलिंग खात्यावर (ओतीव माल घासून साफ करतात ते) सुपरवायझर आहे. २२ वर्षं झाली. आम्ही चौघे मित्र. डिप्लोमाला असताना १९९५ ते ९८ राजारामपुरीत आठव्या गल्लीत एका खोलीत राहायचो. एक मास्तर झाला. एकाचं शाहूपुरीत हार्डवेअरचं दुकान आहे. एक २००२ ला अमेरिकेला गेला, व्हरमाँट राज्यात. तिथं त्याला जॅम बँडचा, म्हणजे आयत्या वेळी सुचेल तसं गाणं लांबवत वाजवणाऱ्या बँडचा, नाद लागला. गेली वीस वर्षं तो आम्हाला रेकॉर्डिंग पाठवतोय, एकेक गाणं पंचवीस-तीस मिनिटांचं. खरं सांगतो, मी एकही शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. गाण्यातलं मला काही कळत नाही. गावात भजनाला टाळ धरतो, तेवढंच.

तो जानेवारीत येतोय. पुण्याजवळ मोकळ्या मैदानावर शुक्रवार ते रविवार अशा बँडचे कार्यक्रम आहेत. चौघांनी जायचंच, तिकिटं, हॉटेल सगळं मी भरतो म्हणतोय.

अडचण अशी आहे की २०१९ च्या पुरानंतर दुकानदार मित्राला मी १ लाख ८० हजार रुपये दिले होते. दुकानात छातीएवढं पाणी होतं, माल सगळा गेला. २०२० च्या फेब्रुवारीत त्यानं ४० हजार परत केले. त्यानंतर एक शब्द नाही. लॉकडाऊन झालं, २०२१ ला परत पूर आला, मी समजून घेतलं. २०२३ ला त्यानं मुलीचं लग्न मोठ्या हॉलमध्ये केलं. मी गेलो, आहेर केला, जेवलो. तेव्हाही एक शब्द नाही. आता आम्ही ग्रुपवर बोलतो तेवढंच. समोरासमोर आलो तर पावसापाण्याचं बोलतो, त्या विषयावर एक शब्द नाही. अमेरिकेतल्या मित्राला मास्तरकडून यातलं थोडं कळलंय. तो म्हणतो, तीन दिवस शेजारी बसून ऐका, आपोआप मिटतंय बघ. खरंच मिटेल का?

बायको म्हणते, न कळणाऱ्या गाण्यासाठी तीन दिवस आणि एवढा खर्च कशाला. आणि अजून एक. गेले चार महिने रात्री आडवं झालं की उजव्या कानात शिट्टी वाजते. कामाच्या आवाजानं असणार. तिथं वाढेल का?

जाऊ का नको?

शिरोलीहून एक वाचक"

नमस्कार.

जा. पण तिकिटं काढायच्या आधी दोन ठिकाणी जाऊन या. एकदा कानाच्या डॉक्टरकडे आणि एकदा शाहूपुरीत.

कानाचं तुम्ही सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिलंत. मी तिथूनच सुरुवात करते, कारण तुमच्या पत्रातली जिच्यासाठी थांबून चालणार नाही अशी गोष्ट तीच आहे. कामाच्या आवाजानं होणारं नुकसान बहुतेक वेळा दोन्ही कानांना होतं. तुमचा एकच कान वाजतोय, तोही चार महिने. "कामाचा आवाज असणार" हा तुमचा अंदाज आहे, तपासणी झालेली नाही. सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात जा किंवा तुमच्या ओळखीच्या कान-नाक-घसावाल्यांकडे जा, आणि ऑडिओमेट्री करून घ्या. बंद खोलीत हेडफोन लावून बारीक-मोठे सूर ऐकवतात, त्याचा आलेख निघतो. आवाजानं झालेलं नुकसान त्या आलेखावर बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडल्यासारखं दिसतं. डॉक्टरांना दोन गोष्टी न विसरता सांगा : २२ वर्षं फेटलिंगला काढली आहेत, आणि शिट्टी एकाच कानात आहे. त्यांनी "तीन दिवस लाऊडस्पीकरपुढं जाऊ नका" म्हटलं, तर माझं वरचं "जा" मागं घेतलं असं समजा. मित्राला भेटायला मग कोल्हापूर आहेच.

त्यांनी हरकत घेतली नाही, तरी हिशेब माहीत असू द्या. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास कान साधारण सहन करतात, असं धरलं जातं. पुढं दर ३ डेसिबलला आवाजाची शक्ती दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मी होते. त्या हिशेबानं १०० डेसिबलला पंधराच मिनिटं उरतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये गाण्याच्या कार्यक्रमांसाठी जी मर्यादा सुचवली, ती सरासरी १०० डेसिबलची आहे. म्हणजे नियम पाळणाऱ्या ठिकाणीसुद्धा कानात काही घातल्याशिवाय उभं राहणं तुमच्यासारख्यानं टाळावं. कापसाचा बोळा उपयोगाचा नाही. कारखान्यात मिळतात ते फोमचे इअरप्लगही नीट घातले तरच काम करतात : बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हातानं कान वर आणि मागं ओढायचा, आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत बोट धरून ठेवायचं. गाणं ऐकायला वेगळे प्लग मिळतात, ते सगळेच सूर सारख्या प्रमाणात खाली आणतात, त्यामुळं गाणं घोंगडीखालून आल्यासारखं वाटत नाही. चौघांसाठीही घ्या. आणि सोमवारी कामावर गेलात की ग्राइंडरपाशीही ते काढू नका. तीन दिवसांपेक्षा २२ वर्षांचा आवाज मोठा आहे, आणि तुमच्या हाताखालच्या पोरांचे कानही तुमच्याकडं बघूनच झाकले जाणार आहेत.

आता गाणं. "टाळ धरतो, तेवढंच" हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. तुमच्या मित्राच्या नादात शिरायला मला तरी यापेक्षा चांगली तयारी दुसरी दिसत नाही. भजनात काय होतं ते आठवा. बुवा एक चरण घेतात, मागचे धरतात, तोच चरण पुन्हा पुन्हा येतो, पखवाजवाला लग्गी धरतो, लय चढते, टाळ तापतात, आणि गजर अशा ठिकाणी पोचतो की किती वेळ झाला हे कुणालाच सांगता येत नाही. मग एक उतार येतो आणि सगळे मूळ चालीवर परत येतात. तुम्हाला कधी "एकच चरण वीस मिनिटं काय म्हणताय" असं वाटलं का? वाटलं नसणार, कारण तुम्ही टाळ वाजवत होतात.

जॅम बँडचं गाणं याच अंगानं ऐका. सुरुवातीला बांधलेलं गाणं असतं, शब्द आणि चाल ठरलेली. मग शब्द संपतात आणि वादक निघतात. फरक एकच, तो नीट लक्षात घ्या : तिथं बुवा नसतो. आपल्या मैफलीत गवई पुढं आणि साथीदार त्याच्या मागं. इथं कधी गिटारवाला दिशा दाखवतो, कधी बासवाला खालून एखादा सूर बदलतो आणि सगळ्यांना वळावं लागतं, कधी ड्रमर लय मोडतो. कोण नेतोय हे दर दोन मिनिटांनी बदलतं. तुम्ही बास धरा, सगळ्यात खालचा, छातीत वाजणारा सूर. ठेका धरून बसतो तसा तो धरून बसा, बाकीचं हळूहळू ऐकू येतं.

आणि एक गोष्ट कुणी सांगणार नाही म्हणून मी सांगते. पुष्कळदा त्यांना काही सापडत नाही. दहा-दहा मिनिटं चाचपडत असतात, कुणीच कुणाला मिळत नाही. ते तुम्हाला कळलं आणि कंटाळा आला, तर तुमचं काही चुकलेलं नाही. जुने ऐकणारे तेवढा वेळ थांबतात, कारण सापडलं तर त्याच क्षणी सापडतं आणि पुन्हा तसंच कधी वाजत नाही. हे कोल्हापूरच्या माणसाला परकं नसावं. शाहू महाराजांच्या पदरी असलेल्या उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांची गायकी या गावात रुजली, केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या त्यांच्याच शिष्या. ती गायकीही पहिल्या ऐकण्यात हाताला लागत नाही. माझे वडील मला देवल क्लबात गाण्याच्या मैफलींना घेऊन जायचे, तेव्हा मी नऊ-दहा वर्षांची असेन, आणि पहिली दोन वर्षं मी फक्त सतरंजीचे धागे मोजले. वडिलांनी कधी "कळलं का?" विचारलं नाही. याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे.

तुमचा मित्र तिन्ही दिवसांचा हट्ट का धरतो, तेही सांगते, म्हणजे त्याचं वागणं अडेलतट्टूपणाचं वाटणार नाही. या परंपरेतलं मोठं नाव ग्रेटफुल डेड, सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात १९६५ मध्ये सुरू झालेला बँड. १९९५ मध्ये जेरी गार्सिया गेले आणि तो थांबला. तीस वर्षांत २३०० च्या वर कार्यक्रम त्यांनी केले, आणि आज कोणती गाणी, कोणत्या क्रमानं, किती लांब, हे दर कार्यक्रमाला बदलायचं. दुसरं नाव फिश. तो बँड १९८३ मध्ये तुमच्या मित्राच्याच व्हरमाँटमध्ये, तिथल्या विद्यापीठातल्या मुलांनी सुरू केला. २०१७ मध्ये त्यांनी न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये १३ रात्री वाजवलं आणि १३ रात्रींत एकही गाणं दुसऱ्यांदा घेतलं नाही. अशा मुलखात वीस वर्षं काढलेल्या माणसाला एक दिवस जाऊन येणं म्हणजे पारायणाचा एकच अध्याय ऐकून उठण्यासारखं वाटणार.

एक धागा मात्र तुम्ही त्याला सांगा, बहुधा त्याला माहीत असेल, तरी तुमच्या तोंडून ऐकून त्याला बरं वाटेल. डेडचे एक ड्रमर मिकी हार्ट उस्ताद अल्लारखाँ यांच्याकडं शिकले. त्या बँडची १० आणि ११ मात्रांत बांधलेली गाणी आहेत. १० मात्रा म्हणजे आपला झपताल, बोटावर मोजून बघा. पुढं हार्ट आणि अल्लारखाँचे चिरंजीव झाकीर हुसेन यांनी मिळून तालवाद्यांचा एक अल्बम केला, त्याला १९९२ मध्ये जागतिक संगीताच्या अल्बमचं ग्रॅमी मिळालं. ते पारितोषिक त्या वर्षी पहिल्यांदाच दिलं गेलं होतं. तेव्हा "न कळणारं गाणं" असं म्हणून वहिनींनी त्याला अगदीच परक्यांत ढकलू नये.

वहिनींच्या बाकीच्या म्हणण्यात मात्र तथ्य आहे. तीन दिवस घर त्यांच्यावर सोडून जाणार, तर खर्चाचा खरा आकडा त्यांना आधी सांगा. आणि मित्र "सगळं मी भरतो" म्हणतोय ते पूर्ण घेऊ नका. तिकीट घ्या, ते त्याचं प्रेम आहे. खोली, जेवण, गाडीचं पेट्रोल यातला तुमचा वाटा तुम्ही द्या. नाहीतर एकमेकांशी पैशावरून अबोला धरलेले दोघं तिसऱ्याच्या पैशावर तीन दिवस राहणार, आणि चौथ्या दिवशी त्याचंही ओझं होणार.

जाण्याबद्दल थोडंसं, भराभर. मोकळ्या जागेत रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद करावा लागतो, सरकारनं मोजक्या दिवशी दिलेली सवलत सोडली तर, म्हणून असे कार्यक्रम दुपारी तीन-चारलाच सुरू होतात. टोपी, पाणी आणि संध्याकाळसाठी जाड स्वेटर हवा, जानेवारीत मोकळ्या माळावर ऊन कलल्याबरोबर गारठा येतो. चौघांनी तीन दिवस एकमेकांना चिकटून राहायचा अट्टहास करू नका. अमेरिकावाला पुढं गर्दीत जाईल, त्याला जाऊ द्या. तुम्ही साउंडवाल्याच्या टेबलामागं उभे राहा. तिथं आवाज सगळ्यात समतोल येतो, डेडच्या कार्यक्रमांतही १९८४ पासून रेकॉर्डिंग करणाऱ्या रसिकांना अशीच साउंडच्या मागची जागा नेमून दिलेली असायची. दर दोन तासांनी भेटायचं ठिकाण आणि वेळ तोंडी ठरवून ठेवा, गर्दीत मोबाईलला रेंज राहत नाही. रविवारी कार्यक्रम सुटल्यावर रात्रीच निघून कोल्हापूर गाठायचं मनात आणू नका. तीन दिवस जागलेला माणूस खंबाटकी उतरताना स्टिअरिंगवर नको. सोमवारी सकाळी निघा, रजा त्या दिवसाचीही टाका.

आता शाहूपुरी.

तुमच्या पत्रात रक्कम एकदा आली आहे. "एक शब्द नाही" हे तीनदा आलं आहे. मी पत्र खाली ठेवून मोजलं. त्यावरून मला वाटतं, तुमचा जीव १ लाख ४० हजारांत जेवढा अडकलाय, त्याच्याहून जास्त त्या न बोललेल्या शब्दात अडकलाय. लग्नाच्या हॉलमध्ये त्यानं बाजूला घेऊन "तुझं माझ्या लक्षात आहे" एवढं म्हटलं असतं, तर तुम्ही हे पत्र लिहिलं नसतं. चूक असेल तर सांगा, पण जायच्या आधी स्वतःशी हे नक्की करा : तुम्हाला पैसे परत हवेत, की त्यानं मान्य केलेलं हवंय, की दोन्ही. तिन्हीला वेगळं बोलावं लागतं.

अमेरिकेतला मित्र म्हणतो, शेजारी बसून ऐका, आपोआप मिटेल. तो मनापासून म्हणतोय. मी मात्र हे करून पाहिलेलं आहे.

१९९१ च्या डिसेंबरात मी आणि माझी एक मैत्रीण पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवाला गेलो होतो. आम्ही दोघी एका खोलीवर राहून शिकलेल्या. त्या वर्षी एका शाळेत जागा निघाली होती, ती तिला माहीत होती, तिनं मला सांगितलं नाही, अर्ज केला आणि तिला ती मिळाली. मी दोन महिने गप्प होते. वाटलं, तीन रात्री गाण्यात गेल्या की मनातून निघून जाईल. तेव्हा सवाई रात्रभर चालायचा. एक सतरंजी, एक थर्मास, पहाटे एकाच शालीत दोघी. सगळ्यांना आम्ही जिवाभावाच्या वाटत होतो. आणि मला त्या तीन रात्रींतला एक राग आठवत नाही. तिनं थर्मासचं झाकण घट्ट लावलं नाही, हे आठवतं. ती "वा" म्हणाली की मला राग यायचा, हे आठवतं. परत येताना कराडला एसटी थांबली तेव्हा ती म्हणाली, "तू काहीच बोलली नाहीस." मी म्हटलं, "काय बोलायचं होतं?" तिनं खिडकीकडं तोंड केलं. आता आम्ही दिवाळीला एकमेकींना शुभेच्छा पाठवतो, एवढंच.

गाण्यानं काही मिटलं नाही. गाणं चालू असताना बोलता येत नाही, हे मी आडोशासारखं वापरलं, आणि तिनंही. तुमच्या बाबतीत तर गाणी तीस-तीस मिनिटांची आहेत, आडोसा फार मोठा होईल. म्हणून सांगते, बोलणं कोल्हापुरात व्हायला हवं, दोघांतच आणि तिकिटं निघायच्या आधी. पुण्याच्या मैदानावर नको, हॉटेलच्या खोलीत रात्री एकाचे दोन पेग झाल्यावर तर मुळीच नको. अमेरिकावाल्याला पंच करू नका. मास्तरनं त्याला सांगितलं तेवढं पुरे झालं. दुकानदाराला कळलं की आपली उसनवारी साता समुद्रापार चर्चेला गेली आहे, तर तो लाजेनं आणखी गप्प होईल.

त्याची बाजू मी घेत नाही, पण ती बघितल्याशिवाय तुम्हाला बोलता यायचं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शाहूपुरीत काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. मग सहा महिन्यांत त्यानं ४० हजार उभे केले. दुकान धुऊन निघालेल्या माणसाला ते सोपं गेलं नसेल. त्याच्या पुढच्याच महिन्यात लॉकडाऊन लागलं. पाणी २०२१ ला परत आलं. मुलीचं लग्न साधं करायला हवं होतं असं तुम्हाला वाटतं, मलाही वाटलं, पण व्याह्यांपुढं आणि पेठेपुढं माणूस कर्ज काढूनही हॉल घेतो, हे आपल्याकडं नवीन नाही. त्या हॉलमध्ये तुम्हाला आहेर घेऊन येताना पाहून त्याच्या मनात काय झालं असेल, हे मला सांगता येणार नाही. तुम्हालाही सांगता येणार नाही, विचारल्याशिवाय.

व्यवहाराचंही बोलू. उसन्या पैशाच्या दाव्याला कायद्यानं साधारण तीन वर्षांची मुदत असते. लिहून घेतल्याचं तुम्ही कुठं म्हणत नाही, म्हणजे काही लिहून घेतलेलं नसावं. तेव्हा हा व्यवहार आता तुम्हा दोघांच्या तोंडावरच उभा आहे. त्याला पाच हजार महिन्याला जमत असतील, तर २८ महिन्यांत १ लाख ४० हजार फिटतात. दोन हजार जमत असतील, तर ७० महिने. तुम्हाला कोणता आकडा चालेल हे घरातून, वहिनींशी बोलून ठरवून जा. ते पैसे त्यांच्याही घरातून गेले होते. आणि हिशेब करून असं वाटलं की मला पैसे नकोतच, तर तेही त्याला स्पष्ट सांगा, मनातल्या मनात सोडून देऊ नका. मनात सोडलेले पैसे दर लग्नात परत आठवतात.

बोलणं बिघडलं तर? त्यानं सरळ "कसले पैसे?" म्हटलं, तर त्याच्याबरोबर एका खोलीत तीन रात्री राहू नका. तुम्ही आणि मास्तर मिळून एक दिवस जा, अमेरिकावाल्याला भेटा, परत या. "तो असेल तर मी नाही" अशी अट मात्र घालू नका. वीस वर्षांनी आलेल्या माणसावर तो भार टाकू नये. आणि दुकानदारानं मान्य केलं पण हप्ता ठरला नाही, तरी जा. हप्त्याचं नंतर ठरेल.

अजून एक बोलायचं राहिलंय, आणि ते अमेरिकावाल्याशी आहे. वीस वर्षं तो रेकॉर्डिंग पाठवतोय. डेडच्या ऐकणाऱ्यांत ही जुनी रीत आहे, पैसे न घेता एकमेकांना कार्यक्रम उतरवून द्यायचे. त्यानं ती रीत तुमच्याशी पाळली, आणि तुम्ही "मस्त" म्हणून अंगठा पाठवत राहिलात. तो येण्याआधी त्याला लिहा : मी एकही शेवटपर्यंत ऐकलेलं नाही, एक निवडून दे, ते पूर्ण ऐकतो. मग एका रविवारी घरी, हेडफोन न लावता, बारीक आवाजात ऐका. हातात टाळ घेतलेत तरी चालेल.

दुकानदाराला फोन करून विषय सांगू नका, भेटायचं एवढंच सांगा. दुकानात भेटू नका, गिऱ्हाइकं येतात, नोकर असतो. रात्री दुकान बंद झाल्यावर गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला बोलवा, मग दोघं रंकाळ्यावर चालत जा. चालताना डोळ्यांत बघावं लागत नाही, अवघड बोलणं सोपं जातं. पावसापाण्यावर सुरुवात करू नका, ती सवय तुम्हा दोघांना लागली आहे. पहिलं वाक्य पैशाचंच ठेवा. पण १ लाख ४० हजारांपासून सुरू करू नका. आधी त्याला सांगा, की २०२० च्या फेब्रुवारीत त्यानं दिलेले ४० हजार पोचले होते, आणि त्या वेळी ते देणं किती अवघड असेल हे तुम्हाला ठाऊक होतं. पत्र वाचताना मला असं वाटत राहिलं, की हे तुम्हीही त्याला अजून म्हणालेला नाही.